सव्वीस घरांची राखण

माझी वहिनी चंद्रभागा हिच्याबद्दल लिहायचं, तर आधी एक कबूल करतो. सुरतेत माझं म्हणून जे दोन खोल्यांचं घर आहे ते तिच्यामुळे आहे, आणि तिला स्वतःचं घर मिळालं नाही तेही एका परीने माझ्यामुळेच. यात मी केलं काहीच नाही. मी फक्त तिच्या नवऱ्यापेक्षा वयाने लहान होतो.

आमचं गाव दोंडाईच्याजवळचं. बासष्ट साली माझा थोरला भाऊ भगवंतदादा टाप्टी लाइनच्या गाडीत बसला आणि सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरला. भाऊकीतला मगनदादा आधीच तिथे होता. आधी आला म्हणून तो पुढारी, आणि पुढारी म्हणून त्याचा शब्द शेवटचा. त्याने दादाला लूमच्या खात्यात लावलं आणि दोन वर्षांनी दादाने मला ओढलं. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. माणसामागे चार लूम, बारा तासांची पाळी, आणि खडखडाट असा की घरी आल्यावरही आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांच्यात भांडण चाललंय.

खात्यात आम्हाला नाव नव्हतं. हजेरीचं बुकच नव्हतं तर नाव कुठे लिहिणार? एका छपराखाली चाळीस लूम, पण कागदोपत्री ती पाच वेगवेगळ्या मालकांची पाच छोटी खाती, म्हणजे सरकारचा कायदा लागू नको. मुकादम आम्हाला ज्याच्या-त्याच्या चारांतल्या पहिल्या लूमच्या आकड्याने हाक मारायचा. दादा पाच नंबरवाला, मी नऊ नंबरवाला. पहिल्या महिन्यात मला राग यायचा. नंतर कुणी 'नऊ नंबर' म्हटलं की मान आपोआप वळायला लागली, आणि त्याचा राग तर मला अजूनही येतो.

वहिनी दादाच्या मागोमाग वर्षभरात आली. ती कांड्या भरायची. म्हणजे धोट्यात बसते त्या छोट्या नळीवर सूत गुंडाळायचं. अंगाने किरकोळ, बोलणं कमी, आणि काम करताना ओठ असे मिटलेले की जणू तोंडातही सुताचं टोक धरून ठेवलंय. मूलबाळ झालं नाही. डॉक्टर, बुवा, उपास सगळं झालं, मग ते बोलणंही बंद झालं. दादाने दुसरं लग्न करावं असं मगनदादाने दोनदा सुचवलं. दादाने दोन्ही वेळेला विडी पेटवली आणि विषय तिथेच संपवला. ह्यापेक्षा मोठं प्रेम त्याला दाखवता येत नव्हतं.

आमची वस्ती रेल्वेच्या रुळांपासून खाडीपर्यंत होती. सव्वीस दारं. सगळी एका गावची आणि धागा लावत गेलं तर सगळी एका भाऊकीची. कुणी चुलत, कुणी मावस, कुणी मामाच्या बाजूने. पंचविसावी झोपडी दादाची, आणि तिला टेकून उभं केलेलं पाच हात रुंदीचं पत्र्याचं खोपटं माझं. त्यात मी आडवा झालो की पाय दारात यायचे. पण दार वेगळं होतं, म्हणून ते सव्विसावं घर.

आता एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. पण नवऱ्याचं निदान उखाण्यात तरी येतं. सासऱ्याचं, जेठाचं, चुलत जेठाचं, मामेसासऱ्याचं नाव तर कशातच येत नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, मग तो सख्खा असो की सात पिढ्यांपलीकडचा. बाई त्यांना पोरांवरून ओळखते. लोटूचा बाप, धुडकूचा आजा. धाकट्या दिराचं नाव मात्र बिनदिक्कत घेतात, कारण दीर काय, लेकरासारखाच. दादा वस्तीत जवळजवळ सगळ्यांत लहान. त्याच्याहून लहान आणि वेगळ्या दाराचा असा मी एकटा. म्हणजे वस्तीतल्या एकूण एक घरधन्याची नावं वहिनीला तोंडपाठ होती, आणि त्यातलं एकच तिला तोंडाने म्हणता येत होतं. तेव्हा आम्हाला ह्यात विशेष काही वाटत नव्हतं.

दरवर्षी आखाजीला वस्ती गावी जायची. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. दिवाळी चुकली तर चालेल, पण आखाजी नाही. पुरुषांनी मेलेल्या बापाच्या नावाने घागर भरायची आणि लेकीबाळींनी माहेरी जायचं, झोका खेळायचा, गाणी म्हणायची. सासुरवाशिणीला वर्षातून हक्काचे एवढेच चार दिवस. शेठ शिव्या द्यायचा. तीन दिवस सांगून गेलेला खानदेशी पंधरा दिवसांनी उगवणार हे त्यालाही ठाऊक होतं. पुढे लग्नसराई असायची ना.

मग वस्ती कोण राखणार? एका घराने मागे राहायचं. पहिली काही वर्षं पाळीपाळीने झालं. पुढे मगनदादाने ठरवलं की चंद्रभागा राहील. "तिले काय पोरंसोरं लई जावानं शे?" असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. वहिनी तिथेच कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही. मी तिथे होतो, आणि मीही काही बोललो नाही. दादाला बापाची घागर भरायची असल्याने जावंच लागायचं. अशी ती पाच आखाज्या ओळीने एकटी राहिली. तिचं माहेर आमच्या गावापासून तीन कोसांवर. तिची आई जिवंत होती तोवर दरवर्षी विचारायची, चंद्रभागा का येत नाही? दादा सांगायचा, काम फार आहे.

राखण ती मन लावून करायची. ज्या दारांना कुलपं होती त्यांच्या किल्ल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत ओवून कमरेला बांधलेल्या. आणि रोज एका वेगळ्या झोपडीत चूल पेटवून भाकरी करायची. वस्तीतून धूर निघताना दिसला पाहिजे, म्हणजे चोराला वाटतं माणसं आहेत. ही युक्ती तिची स्वतःची होती. आम्ही परत आलो की प्रत्येकाच्या चुलीत ताजी राख असायची.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात तापीला मोठी रेल आली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. खाडीचं पाणी उलटं फिरून आमच्या छातीपर्यंत चढलं. तीन दिवस आम्ही खात्याच्या माळ्यावर सुताच्या पोत्यांवर काढले, आणि शेठने त्या तीन दिवसांत आमच्याकडून माळा झाडून घेतला. पाणी ओसरल्यावर बातमी आली की खाडीकाठच्या झोपड्या उठवणार आणि ज्यांची नोंद होईल त्यांना उंचावर पक्का प्लॉट देणार. मगनदादाने मान हलवली. "बातम्या येतस आणि जातस." तोही खोटा नव्हता. तोवर आलेल्या सगळ्या बातम्या गेल्याच होत्या. नळ येणार होता, दवाखाना येणार होता, पोरांना मराठी शाळा येणार होती.

नोंदणीची माणसं आली ती एकोणसत्तरच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी.

तिघं होते. एकाच्या हातात फीत, एकाच्या हातात लाल रंगाचा डबा आणि एक चष्मेवाला कारकून. तो वाईट माणूस नव्हता. पुढे मी त्याला भेटलो म्हणून सांगतो. त्याने पंचवीस बंद दारं बघितली, एका दारातून धूर बघितला आणि तिकडे गेला. त्या दिवशी कलाबाईच्या, म्हणजे मगनदादाच्या बायकोच्या घरात चूल पेटायची पाळी होती.

"बेन, घरवाळानुं नाम शुं?"

वहिनीने पदर पुढे ओढला. "कलाबाईनं घर शे."

"बाईनुं नहीं. भाईनुं नाम बोलो."

"लोटूना बाप."

"लोटूना बापनुं नाम तो हशे ने?"

"शे ना."

"तो बोलो."

"मी कशी बोलू? जेठ शे मना."

कारकून हसला. त्याची आईही त्याच्या बापाचं नाव घेत नसे, त्यामुळे त्याला अडचण कळली. तो म्हणाला, चला पुढचं सांगा. पुढच्या घरीही जेठ. त्याच्या पुढे चुलतसासरा. सहाव्या दारापर्यंत कारकुनाचं हसू संपलं. ऊन चढलं होतं आणि फीतवाला सावली शोधत होता. तिने बायकांची नावं दिली, पोरांची दिली, कोण किती वर्षांपासून राहतो, कुणाकडे किती माणसं, रेलमध्ये कुणाचं काय वाहून गेलं, सगळं सांगितलं. कारकुनाच्या कागदावर मात्र एकच रकाना होता आणि त्यात घरधन्याचं नाव हवं होतं.

"कोई और है जो नाम बताए?" असं त्याने शेवटी हिंदीत विचारलं.

ती त्याला रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेली. टपरीवाला आम्हाला सहा वर्षं चहा पाजत होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "खानदेशी हैं सब. नाम का पता नहीं." मग ती त्याला खात्यावर घेऊन गेली. मुकादमाने पाच नंबर, नऊ नंबर, तेरा नंबर, सतरा नंबर असे आकडे सांगितले. एवढ्या मोठ्या सुरत शहरात आम्हा सव्वीस बाप्यांची नावं सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते पदर पुढे ओढून उभं होतं.

तिने मला हे पुढे कितीतरी वर्षांनी कांड्या भरता भरता तुकड्या-तुकड्याने सांगितलं. म्हणाली, "मन्हा तोंडमा सगळा नाव व्हतात भाऊ. बाहेर नही निंघनात."

परत आल्यावर ती स्वतःच्या दारापाशी पोहोचली. तिथे तर नवऱ्याचंच नाव. कारकुनाने वाट बघितली. ती उखाणा आठवत होती म्हणे. लग्नातला उखाणा होता, पण तो परक्या पुरुषापुढे, भर उन्हात, एकटीने म्हणायचा? तिची जीभ उचलली नाही. मग ती घाईघाईने शेजारच्या खोपटाकडे वळली आणि इतक्या मोठ्याने बोलली की रंगवाला दचकला.

"सोमा! आठे सोमा ऱ्हास!"

"आखुं नाम? बापनुं नाम?"

बापाचं नाव म्हणजे तिच्या सासऱ्याचं. कारकुनाने स्वतःच लिहिलं, 'सोमाभाई खानदेशी', आणि माझ्या पत्र्याच्या दारावर लाल आकडा काढला. बाकीच्या पंचवीस दारांवर 'बंद' असं लिहिलं. जाताना त्याने तिला एक कागद दिला. एका महिन्याच्या आत घरधन्यांनी स्वतः कचेरीत येऊन नावं सांगावी, असं त्यावर गुजरातीत लिहिलेलं होतं. तिने तो कागद कांड्यांच्या पुठ्ठ्यात घालून देव्हाऱ्यात ठेवला.

आम्ही अठरा दिवसांनी परत आलो. तिने पहिलं काम काय केलं, तर तो कागद मगनदादापुढे ठेवला. म्हणजे अजून बारा दिवस हातात होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे वस्तीत हे कुणालाच आठवत नसे.

मगनदादाने कागद माझ्याकडून वाचून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाला, "रविवारले जाऊ सगळा." रविवारी आमची सुट्टी. रविवारी आम्ही धुतलेले कपडे घालून सव्वीस जण कचेरीत गेलो, आणि कचेरीलाही सुट्टी होती. मधल्या वारी जायचं तर पाळी बुडवायची. आधीच तीन आठवडे बुडवलेले, आणि शेठने सांगून ठेवलं होतं की आता जो गैरहजर राहील त्याच्या लूमवर बदली माणूस उभा राहील. फाटकाबाहेर बदलीवाले रांग लावून उभेच होते. एकाने पुढे व्हावं तर तो म्हणे माझ्याच पोटावर पाय का. मी तरी कुठे पुढे झालो? मगनदादा म्हणाला पुढच्या रविवारी कचेरी उघडी असेल. कोणती कचेरी रविवारी उघडी असते? पण तो पुढारी होता, आणि आम्हाला कुणीतरी तसं म्हणावं असंच वाटत होतं.

शेवटी महिना उलटून गेल्यावर मी, दादा आणि मगनदादा पाळी बुडवून गेलो. बैल गेला अन् झोपा केला. चष्मेवाला कारकून तिथेच होता. त्याने आम्हाला ओळखलं नाही, पण वस्ती ओळखली. "अरे, ती बाई!" असं म्हणून त्याने हळहळल्यासारखं केलं. यादी वर गेली होती. भिंतीवर तिची एक प्रत चिकटवलेली होती. मी बोट फिरवत वाचली. आमच्या शेजारच्या वस्तीतली नावं होती, त्यात दोन-तीन बायकाही होत्या. आमच्या वस्तीचं एकच नाव होतं, सोमाभाई खानदेशी. मगनदादाने ते नाव वाचायला लावलं, पुन्हा वाचायला लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चोरच आहे.

त्या संध्याकाळी वस्तीच्या मध्यावर सगळे जमले. मगनदादा म्हणाला, "भगवंतनी बायको पंचवीस घर लई बुडनी."

चोर सोडून संन्याशाला फाशी! टोपीत बारा दिवस कागद कुणी ठेवला होता? पाच वर्षं ओळीने तिला मागे कुणी ठेवलं होतं? आणि तिने खरंच 'मगन' असं नाव परक्या माणसापुढे उच्चारलं असतं, तर हाच मगनदादा काय म्हणाला असता ते मला पक्कं ठाऊक आहे. तिथे बसलेल्या बायकांनाही ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकीनेही नाव घेतलं नसतं. पण त्या गप्प बसल्या. कलाबाईने तर तोंड फिरवलं, तिच्याच चुलीपाशी हे सगळं सुरू झालं होतं तरी. हे सगळं मला आज सुचतं. त्या संध्याकाळी मी खाली बघत होतो, कारण माझ्या दारावर लाल आकडा होता.

दादाने विडी पेटवली. वहिनी आत गेली आणि तिने किल्ल्यांची ती चिंधी आणून मगनदादाच्या पायापाशी ठेवली. किल्ल्या खरं तर कधीच परत दिल्या होत्या. चिंधीत आता तिची एकटीचीच होती. तरी तिने ठेवली.

सत्तरच्या उन्हाळ्यात वस्ती उठवली. एक दिवस पुरला. चोवीस कुटुंबं फुटली. कुणी उधन्यात भाड्याच्या खोलीत गेलं, कुणी डिंडोलीकडे शेताच्या बांधावर नव्या झोपड्या घातल्या, चार घरं गावी परतली. मगनदादा गावी गेला. कुणी कुणाचा निरोप घेतला असं मला आठवत नाही. माणसं थकली होती आणि पाळी चुकवून आलेली होती.

मला दहा हात बाय वीस हातांचा प्लॉट मिळाला. मी तो दादाच्या नावाने करायला गेलो. नाव बदलत नाही म्हणाले. मी म्हटलं, माझं नाव तरी कुठे खानदेशी आहे, ते बदला. तेही बदलत नाही म्हणाले. मग आम्ही तिघांनी मिळून विटा लावल्या. वहिनीने गारा कालवला, पाणी मारलं, जमीन सारवली. घर उभं राहिल्यावर मी म्हटलं, वहिनी, हे तुमचं घर. ती म्हणाली, "भाऊनं घर शे." पुढची तीन वर्षं ती तेच म्हणत राहिली. त्या घरात तिने भिंतीत एक खिळा ठोकला नाही. लुगडं वाळत घालायचं तर दोरी बाहेरच्या बाभळीला. मी चिडायचो. एकदा मीच खिळा ठोकून दिला, तर तिने त्यावर माझा सदरा अडकवला.

एकाहत्तरच्या आखाजीला राखायला वस्ती उरली नव्हती, म्हणून ती माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी परत आली. आई तोवर गेली होती. भावजयीने पुरणपोळी वाढली, झोका होता, त्यावर पोरी बसल्या होत्या. "मन्हं वय ऱ्हायनं नही," एवढंच म्हणाली.

बहात्तरला माझं लग्न झालं. प्रभावती चांगली आहे, मी तिला दोष देणार नाही. पण तेव्हा घराला खोली एकच होती, तीत दोन बायका, मध्ये लुगड्याचा पडदा, आणि पहिलं मूल झाल्यावर रात्रंदिवस रडणं. प्रभावती वहिनीला काही बोलली नाही. वहिनीने विचारलं, "बाई, चूल आठेच ऱ्हाऊ दिऊ का?" आणि प्रभावतीने साधेपणाने उत्तर दिलं, थोडी तिकडे सरकवा. बस, एवढंच. पुढच्या महिन्यात दादाने डिंडोलीला भाड्याची खोली बघितली. मी "कशाला जाता" म्हटलं, पण एकदाच म्हटलं. खरं सांगायचं तर ते गेले त्या दिवशी मी पाय पसरून झोपलो आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

शहात्तरला दादा गेला. छातीत सूत भरलं होतं, दुसरं काय? दवाखान्यात विचारलं पेशंटचं नाव, मी सांगितलं. स्मशानात विचारलं, मी सांगितलं. वहिनी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि मी बोलायचो. आठवड्याला मी डिंडोलीला एक चक्कर मारायचो. ती कांड्या भरत असायची. घरी चला म्हटलं की म्हणायची, "मी आठे बरी शे भाऊ." 

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी मी तिच्या खोलीवर असताना रेशनकार्ड तपासणारा माणूस आला. पोक्त होता, पायाला दुखणं असावं, उंबऱ्यावरच टेकला. थकलेल्या आवाजात विचारलं, "घर का मुखिया कौन?"

वहिनीने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हीच."

"नाम?"

"चंद्रभागा."

"पूरा नाम?"

पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं आलं. माझ्या जिभेवर ते आलंच होतं. दादा गेल्यापासून मीच तर बोलत आलो होतो. त्या दिवशी का कोण जाणे, मी तोंड उघडलं नाही. तपासणीवाला पेन धरून बसला. वहिनीच्या हातातली कांडी फिरायची थांबली.

"इतलंच लिखा," ती म्हणाली. "चंद्रभागा. खोलीमा मी एकटी ऱ्हास."

त्याने खांदे उडवले आणि 'चंद्रभागाबेन' असं लिहिलं. पुढे काही विचारलं नाही, कुणाकडे नेलं नाही, मुदत दिली नाही. लिहिलं आणि पाय चोळत शेजारच्या खोलीकडे गेला.

मी घोटभर चहा प्यायलो. वहिनी पुन्हा कांडी फिरवायला लागली, आणि फिरवता फिरवताच तिने विचारलं.

"भाऊ, तवय मी मन्हंच नाव सांगती, तं चालतं का?"

मला भिंतीवरची ती यादी आठवली. त्या दोन-तीन बायकांची नावं आठवली. माझं बोट त्यांच्यावरूनच फिरलं होतं. चष्मेवाल्या कारकुनाने त्या दिवशी सव्वीस पुरुषांची नावं विचारली होती आणि समोर उभ्या असलेल्या बाईला तिचं विचारलं नव्हतं. ते सांगावं असं तिच्या मनात आलं नाही. आणि यादी वाचताना मला, दादाला, मगनदादालाही ते सुचलं नाही. सुचलं असतं तर निदान पंचविसाव्या दारावर तिच्या नावाचा लाल आकडा आला असता.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "नसतं चाललं. बाईचं नाव घेत नव्हते तेव्हा."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि नवी कांडी लावली.